गाडी अकोल्याला थांबते तेवढ्यात

लग्नानंतर मी आणि माधुरी पहिल्यांदा फिरायला निघालो, तेव्हा ही गोष्ट मी आईखेरीज घरात कोणालाही सांगितली नव्हती. बडनेऱ्याला गाडीत बसलो. तासाभराने अकोला आलं आणि गाडी धड थांबायच्या आत आमच्या डब्याच्या दारातून खणखणीत हाक आली, "सच्या, ये रे दारात. टाइम नाई."

माधुरी दचकली. मी दचकलो नाही, मला नुसतं वाईट वाटलं. दारात गजूकाका उभे होते. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, एका हातात तीन खणांचा डबा, दुसऱ्या हातात आंब्याच्या रसाची कॅन. डबा माझ्या हातात कोंबून ते म्हणाले, "ऐक. परतवाड्याच्या आत्याचा मुतखडा पडला. आपोआप पडला, ऑपरेशनची गरज नाई. कॅन उभी ठेवजो. सूनबाई, याले सांभाळजा, हा लहानपनी झोपेत चालत होता." तेवढ्यात गाडी हलली. काका प्लॅटफॉर्मवरून चार पावलं गाडीबरोबर चालले आणि मागे राहिले.

"हे कोण? लग्नाच्या गर्दीतलं काही आठवत नाही," माधुरीने विचारलं. ती नाशिकची.

"माझे सख्खे काका."

"मग असे का बोलले? भांडण आहे का तुमचं?"

भांडण नव्हतं. गजूकाका सगळ्यांशी असेच बोलतात. गाडी अकोल्याला थांबते ती दोन-चार मिनिटं, आणि तेवढ्यात अख्ख्या घराण्याचं बोलायचं म्हटल्यावर माणूस 'कसं काय, बरं आहे ना' कुठे करत बसणार? पण मौज अशी की ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की घरी, लग्नात, मयतीतसुद्धा ते "टाइम नाई, ऐक" अशीच सुरुवात करतात. एकदा आमच्या अमरावतीच्या राजापेठेतल्या घरी आले, सोफ्यावर बसले, चहा घेतला, दुपारी झोपले, संध्याकाळी उठून माझ्या शिकवणीच्या वर्गात डोकावले आणि पोरांसमोर मला म्हणाले, "सच्या, टाइम नाई, ऐक." पोरं आठवडाभर मला तेच ऐकवत होती.

काका अकोल्याला जठारपेठेत राहतात. एका शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी रुपाली लग्न होऊन बंगलोरला गेली. आमचं बाकीचं घराणं अमरावती, परतवाडा आणि तिकडे पुण्या-मुंबईला पसरलेलं. त्यामुळे कोणी दिवाळीला निघो, कोणी शिर्डीला निघो, कोणी पोराची ॲडमिशन करायला निघो, गाडी अकोल्यावरूनच जाणार. आणि गाडी अकोल्यावरून जाणार म्हणजे काका दारात असणार.

आमचा घराण्याचा व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. त्यावर कोणी हौसेने तिकिटाचा फोटो टाकला की काका तो बोटांनी मोठा करून डबा आणि सीट बघतात. पोचपावती म्हणून नमस्काराचे हात टाकतात. ते हात दिसले की समजायचं, आता भाकरी थापल्या जाणार. स्वयंपाक स्वतः करतात. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, आणि लहान पोट्टं बरोबर असेल तर तूप-गुळाची पोळी. मिठाचा हात जरा सैल आहे. कोणी तसं म्हटलं तर म्हणतात, "प्रवासात घाम येते. मीठ लागते मानसाले."

डब्याबरोबर बातम्या येतात. त्यांचा क्रम ठरलेला. आधी आजारी माणसं, मग लग्नं, मग परीक्षा. आणि काका नुसतं देत नाहीत, घेतातसुद्धा. अमरावतीहून निघालेल्याने अमरावतीचं सांगायचं, तेच काका पुढच्या आठवड्यात मुंबईहून परतणाऱ्याला सांगणार. मी एकदा म्हटलं, "काका, फोन आहे, ग्रुप आहे, सगळ्यांना सगळं कळलेलं असतं." ते म्हणाले, "फोनवर मानूस तोंड लपवते. तोंड पायल्याबिगर कायची बातमी?"

साहजिकच लोक टाळायला शिकले. माझा चुलतभाऊ नितीन मित्रांबरोबर गोव्याला निघाला होता. अकोला आलं तसा वरच्या बर्थवर डोक्यावरून चादर घेऊन पडला. काकांनी दारातून त्याच्या मित्रांची चौकशी केली, डबा त्यांच्याकडे दिला आणि चादरीकडे बघून म्हणाले, "झोपू द्या त्याले. बारावीतबी असाच झोपत होता." नितीनने त्यानंतर नागपूरहून विमान धरलं. काकांना विमानाचा मनस्वी राग आहे. "वरून जाते म्हने. खाली आपलं कोनी रायते का नाई, मालूमबी पडत नाई."

चिखलदऱ्याचाही त्यांना राग आहे. दरवर्षी ग्रुपवर सगळ्यांनी मिळून चिखलदऱ्याला जायचं ठरतं. पोरं फोटो टाकतात, बायका स्वेटर काढायच्या गोष्टी करतात. अमरावतीहून चिखलदऱ्याला जायचं तर परतवाड्यावरून घाट चढायचा, त्यात अकोला कुठेच येत नाही. काका ताबडतोब लिहितात, "काय ठेवलं तिथी? धुकं त हाय. शेगावले चाला." शेगाव अकोल्याच्या पुढचं स्टेशन आहे, हे सांगायला नको.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण माझे बाबा आणि गजूकाका हे दोघे सख्खे भाऊ रुपालीच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि रुपालीचा मुलगा आता शाळेत जायला लागला आहे.

झालं ते ऐकून बाहेरचा माणूस हसेल. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं म्हणजे घरी यायचं, कुंकू लावलेल्या अक्षता हातावर ठेवायच्या आणि 'सगळ्यांनी यायचं' असं तोंडाने म्हणायचं. काकांनी परतवाड्याला जाऊन अक्षत दिली, मुंबईला जाऊन दिली, माझ्या सासरी नाशिकलासुद्धा देऊन आले. अमरावतीला, सख्ख्या मोठ्या भावाकडे मात्र आले नाहीत. ग्रुपवर पत्रिका टाकली तेवढीच.

बाबांचा पारा चढला. "मोठ्या भावाले मोबाइलवर बलावते? नाशिकले जाता येते, अन् अमरावती दूर झाली त्याले?"

मी काकांना फोन केला. ते खरोखरच चक्रावले होते. "अरे, घरच्या मालकाले कोनी अक्षत देते का? पत्रिकेत पयलं नाव कोनाचं छापलं म्या? दादाचं. बलावनारा थो हाय. बलावनाऱ्याले बलावनं कायचं कराचं?"

पत्रिकेत निमंत्रक म्हणून सर्वांत वर बाबांचं नाव होतं, हे खरं होतं. मी बाबांना तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग हेच इथं येऊन सांगाचं होतं." मी ते काकांना सांगितलं. काका म्हणाले, "हे का सांगाची गोठ हाय?" दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघंही हट्टाला पेटले होते. आमच्या वऱ्हाडात माणूस एक वेळ पिकतं वावर सोडेल, पण आपलं बरोबर असलेलं सोडणार नाही.

लग्नाला आम्ही सगळे गेलो, बाबा गेले नाहीत. शेजारच्यांनी नंतर सांगितलं, बाबांनी त्या दिवशी पहाटे दाढी केली, इस्त्रीचे कपडे घातले आणि संध्याकाळपर्यंत तसेच पुढच्या खोलीत बसून राहिले. कोणी घ्यायला आलं असतं तर निघायला तयार असावं म्हणून. आणि तिकडे अकोल्यात अंतरपाट धरायची वेळ झाली तरी काका मांडवाच्या दाराकडे बघत उभे होते. भटजींनी दोनदा हटकलं. "थांबा जरासक, माहा दादा येऊन रायला," असं काका म्हणत होते. शेवटी आईच पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊजी, लावा लगीन. नाही येत ते."

त्यानंतर बोलणं बंद झालं. डबा मात्र बंद झाला नाही. माझी बहीण मुंबईला असते, त्यामुळे आई-बाबांचं वर्षातून एकदा-दोनदा जाणं होतंच, सोडायला मी बरोबर असायचो. गाडी अकोल्याला थांबली की आई दारात जायची आणि बाबा पलीकडच्या खिडकीशी पेपर उघडून बसायचे. काका दारातून मोठ्याने आईला सांगायचे, "वहिनी, ठेचा वेगळा बांधला. ज्याले आंबट ढेकर येतेत त्यानं जरा कमी खावं."

बाबा पेपरात बघून म्हणायचे, "ज्याचे ढेकर त्याले मालूम हायेत."

आईला निरोप पोचवावा लागत नसे, दोघांचेही आवाज पी.टी.च्या मैदानावर चालतील असे होते. गाडी सुटली की बाबा पेपर घडी करून डबा पुढे ओढायचे. एक घास शिल्लक ठेवायचे नाहीत. आणि दर वेळी म्हणायचे, "मीठ पडलं जास्त. एकट्याच्या सयपाकात अंदाज येत नाई." ते ऐकताना मला बाबांचा राग यायचा. एवढं कळतं तर उतरून बोला ना. पण वडील माणसाला हे सांगणार कोण?

यंदा दिवाळीच्या आधी बाबांना छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, मुंबईला न्या. ग्रुपवर तेव्हा नेमकं चिखलदऱ्याचं जोरात चाललं होतं. बाबांनी आम्हाला समोर बसवून बजावलं, "कोनाले सांगाचं नाई. पोट्ट्यायची सुट्टी खराब नाई कराची. अन् गजाननले त अजिबात नाई."

"अहो, पण भाऊ आहेत ते," आई म्हणाली.

"जगलो त त्यात काय सांगाचं? अन् मेलो त तुमीच सांगान."

बाबा रागावले की गजूचे गजानन होतात.

दुपारच्या गाडीने आम्ही तिघे बडनेऱ्याहून निघालो. बाबा खालच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडले. मूर्तिजापूर गेलं तसं आईने मला खूण करून बाजूला घेतलं. "सच्या, मी सांगितलं भाऊजींना. मला राहवलं नाही. हाच डबा सांगितला."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. फोन ठेवून दिला."

गजूकाका फोनवर काहीच बोलले नाहीत, हे मला काही ठीक वाटलं नाही. अकोला जवळ आलं. गाडीचा वेग कमी झाला तसे बाबा उठून बसले, चपला शोधायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे करतो." मी त्यांच्या आधी दारात गेलो.

प्लॅटफॉर्मवर काका नव्हते.

मी खाली उतरून दोन्ही बाजूंना पाहिलं. चहावाले होते, हमाल होते, पोतं ओढत पळणारी एक बाई होती. कॅनव्हासचे पांढरे बूट कुठे दिसेनात. आई खिडकीच्या काचेला कपाळ लावून बघत होती. एवढ्यात माझ्यामागे बाबा येऊन उभे राहिले. दाराचा दांडा धरून, मान बाहेर काढून त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, परत पुढे पाहिलं.

"कोन्या डब्याचं सांगतलं तुह्या मायनं त्याले?" त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "हाच."

"मंग?"

मग काय, हे मला तरी कुठे माहीत होतं. गाडीने झटका दिला. मी बाबांना आत घ्यायला लागलो, पण ते दांडा सोडेनात. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत तसेच बघत राहिले. आत आणून बसवलं तर म्हणाले, "फोन लाव त्याले."

मी लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. परत लावला. परत तेच. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. आई पदराने पुसायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"एकटा रायते थो घरात," ते म्हणाले. "पडला-झडला त कोन पायन त्याले? शेजाऱ्याचा नंबर हाय का कोनाजवळ?"

नव्हता. जठारपेठेतल्या काकांच्या शेजाऱ्याचं नावसुद्धा आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. मला त्या क्षणी फार लाज वाटली. आई म्हणाली, "रुपालीला विचारा," आणि मी रुपालीचा नंबर काढतच होतो, तेवढ्यात दोन डब्यांमधलं दार धडकन उघडलं आणि गजूकाका आत आले. भाकरीचा डबा नव्हता. एका खांद्याला फुगलेली बॅग होती, दुसऱ्या खांद्याला पांघरुणाची वळकटी. धापा टाकत होते.

मग बाबांनीच विचारलं, एवढ्या वर्षांनी, थेट त्यांच्याकडे बघून.

"फोन काहून नाई उचलला?"

"हात मोकळे नोते," काका म्हणाले. "पार मांगच्या डब्यात चढलो. तिथून एकएक डबा पार करत आलो."

"मांगच्या डब्यात काहून? दार नोतं का इथं?"

"इथं चढलो असतो त तू उतरवून देल्लं असतं मले. म्हनून गाडी सुटू देल्ली." काकांनी बॅग खाली ठेवली. "म्या पायलं तुले दारात. मांगच्या दारातून दिसत होता तू. वाटलं पयत यावं. पन भेव वाटलं, तू परत आत गेला त?"

काका उभेच होते. "तिकीट हाय माह्याजवळ. वेटिंग हाय, पन हाय. तिथी तुह्याजवळ रातचं कोनीतरी लागन, सच्याले काय सुधरते? अन् रक्त-बिक्त लागलं त माहं चालते. एकाच मायचं हाय."

बाबांनी आपले पाय आखडून घेतले आणि बर्थवर जागा केली. "बस," म्हणाले.

काका बसले. शेगाव आलं तसे दोघांनी खिडकीकडे वळून हात जोडले. गाडी पुढे निघाली. मी वाट बघत होतो, की आता काका आजाऱ्यांपासून सुरू करतील. पण बाबांनीच, माझ्याकडे किंवा आईकडे न बघता, हळूच म्हटलं, "गजू, मले लय भेव लागून रायलं."

डॉक्टरांसमोर नाही, आईजवळ नाही, माझ्याजवळ तर नाहीच नाही. हे वाक्य त्यांनी इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. आईने तोंड फिरवलं.

"मलेबी," काका म्हणाले. त्यांनी बाबांचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. मग म्हणाले, "दादा, एक गोठ आयकशीन? वापस येतानी अकोल्याले उतरजो. चार-आठ दिवस राय माह्याजवळ. पोरीचं लगीन झाल्यापासून घरात कोनी मुक्कामाले आलं नाई रे. सगळे जातेत, भेटतेत, पन उतरत कोनी नाई. तुह्यासाठी म्या खाट घेतली कालच."

आम्ही सगळी वर्षं त्यांना हसलो. त्यांच्या भाकरी खाल्ल्या, त्यांच्या बातम्यांची नक्कल केली, चादरीत तोंड लपवलं. आपण एकदा उतरावं, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. अमरावतीहून अकोला तो काय, तासाभराचा रस्ता.

बाबा बाहेरच्या काळ्या वावरांकडे बघत होते, आणि ऑपरेशन नीट होईल की नाही हे त्या डब्यात कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी काकांच्या हाताखालचा आपला हात उलटा केला आणि काकांची बोटं घट्ट धरली.

"उतरीन," बाबा म्हणाले. "तू आनजो मले तिथवर."